पाहुणा, यजमान आणि मेगाब्लॉक

डोंबिवलीला एका दिवसासाठी येणारा पाहुणा रविवारीच येतो. बाकीचे सहा दिवस यजमान तिथं राहत नाही, फक्त झोपतो. आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. त्यामुळे शहरदर्शन सुरू होतं ते पोह्यांची बशी एका हातात आणि वर्तमानपत्रातली ब्लॉकची चौकट दुसऱ्या हातात धरून. "धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्यात," यजमान गंभीरपणे सांगतो. कोल्हापूरचा पाहुणा मान डोलावतो. कुणी तरी गेलं असावं, असा त्याचा समज होतो.

"मग, बघण्यासारखं काय आहे तुमच्याकडं?"

यजमान गडबडतो. पंधरा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नाही. सकाळी सातच्या आधी आणि रात्री नऊनंतर दिसतं तेवढंच शहर त्याच्या ओळखीचं आहे. "ठाण्याला मॉल आहे," तो म्हणतो.

ठाण्यात मॉलखेरीजही काही आहे, हे पाहुण्यालाच ठाऊक असतं. 16 एप्रिल 1853 रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून इथंच आली. 14 डबे, 400 निमंत्रित, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. 34 किलोमीटरला लागला तासाभराच्या आसपास वेळ. आजची धीमी लोकलही साधारण तेवढाच वेळ घेते. परंपरा जपणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की त्या दिवशी सगळ्यांना बसायला जागा होती.

मासुंदा तलाव आणि काठावरचं कोपिनेश्वराचं देऊळ बघून पाहुणा किल्ला दाखवा म्हणतो. किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला. आता ते मध्यवर्ती कारागृह आहे, म्हणजे आत किती दिवस राहायचं ते न्यायालय ठरवतं. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाच्या खटल्यातल्या अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी फाशी दिलं ते याच भिंतींच्या आत. पाहुणा भिंतीकडे बघत थोडा वेळ उभा राहतो. यजमान रिक्षा थांबवून धरतो, कारण मामलेदारच्या मिसळीसमोरची गर्दी वाढत चाललेली असते.

कल्याण म्हटलं की यजमानाच्या डोळ्यांपुढे जंक्शन येतं. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं आहेत, शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये हे बंदर घेतलं, दुर्गाडी किल्ल्याखालच्या खाडीत आरमाराची सुरुवात झाली, डॉ. आनंदीबाई जोशी 1865 मध्ये इथंच जन्मल्या. एवढा ऐवज असलेल्या शहराची अलीकडची सर्वांत गाजलेली वास्तू कोणती? पत्रीपूल. रेल्वेमार्गावरचा 1914 चा जुना पूल नोव्हेंबर 2018 मध्ये अर्थातच ब्लॉक घेऊन पाडला आणि नवा जानेवारी 2021 मध्ये खुला झाला. मधल्या काळात पत्रीपुलाच्या कोंडीत निवांत बसून दुर्गाडीचा सगळा इतिहास वाचून झाला असता.

डोंबिवलीचा अभिमान मात्र यजमानाला तोंडपाठ आहे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा 1999 मध्ये इथूनच सुरू झाली आणि मग गावोगावी पोचली. 2017 मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अख्खी तरुण डोंबिवली नटून उभी असते. "तेव्हा यायला हवं होतंस," तो पाहुण्याला फडके रोडवर रिक्षांतून वाट काढताना ऐकवतो. वर्षातले दोन दिवस सोडून केव्हाही आलं, तरी हे वाक्य ऐकायला मिळतं.

निसर्गाची आवड असणाऱ्यांसाठी एमआयडीसी आहे. 2014 मध्ये इथं हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या होत्या, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. इतरत्र लोक फुलं बघायला कासला जातात. डोंबिवलीकराला रंग घरपोच मिळतात. वासाचे वेगळे पैसे नाहीत.

संध्याकाळी खरा कार्यक्रम सुरू होतो. पाहुण्याचं सोमवारी सकाळी मंत्रालयात काम आहे. यजमान पहिल्यांदाच खुलतो. सॅक छातीशी घ्यायची, मोबाइल आतल्या खिशात, दारात थांबायचं नाही, ठाणं येईपर्यंत कुणाशी वाद घालायचा नाही.

"आणि बसायला कुठं मिळतं?"

"बसायचं असेल तर रिटर्न यायचं. आधी उलटं कल्याणला जायचं, गाडीत जागा धरायची, मग मुंबईकडं."

"मग कल्याणच्या लोकांना जागा कशी मिळते?"

"ते बघतात त्यांचं. अंबरनाथचे लोक बदलापूरहून बसून येतात."

"बदलापूरवाले काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात की! भांडणंही होतात. आपण खिडकीबाहेर बघायचं."