होकार, नकार आणि खांदे

चौदा-पंधरा वर्षांचं मूल बाकावर बसत नाही, सांडतं. एक पाय पुढच्याच्या दप्तरात, कोपर शेजाऱ्याच्या वहीवर, हनुवटी मुठीवर आणि मूठ कशावर टेकली आहे ते त्याचं त्यालाच ठाऊक. अशा भरगच्च वर्गापुढे ‘दोन किंवा अधिक हाडं जिथं जुळतात त्या जागेला सांधा म्हणतात’ हे वाक्य फळ्यावर लिहिताना मला दरवेळी हसू येतं. एवढे सगळे सांधे समोर अस्ताव्यस्त पसरलेले, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून खडूनं गुडघा काढते आहे!

घरी या मुलांना ‘धांदरट’ म्हणतात. पाण्याचा तांब्या लवंडला, दाराच्या चौकटीला खांदा आपटला की लगेच ‘डोळे कुठं असतात तुझे?’ डोळे जागेवरच असतात हो. हाडं पुढं गेलेली असतात. लांब हाडांच्या टोकांशी, सांध्याजवळ, कूर्चेची पट्टी असते. उंची तिथून वाढते. त्यातही आधी हात आणि पावलं, मग तंगड्या, आणि धड सगळ्यांत मागून. मेंदूच्या हिशेबात हात गेल्या दिवाळीचा असतो आणि बाहीतून बाहेर आलेला हात यंदाचा. तांब्या लवंडणारच.

प्रकार शिकवायला वेळ लागत नाही. कोपर बिजागरीचं, खांदा नि खुबा उखळीचे. उखळ मुलांनी पाहिलेली नसते, पण गोलंदाजी पाहिलेली असते. खांदा गरगर फिरतो कारण त्याची खोबण उथळ, आणि खुब्यापेक्षा सहज निखळतो तोही त्या उथळपणापायीच, एवढं म्हटलं की मागचा बाक जागा होतो. मग कोपराकडे वळायचं. चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर आयसीसीच्या नियमात ती फेकी. मुरलीधरनचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हतं, हे सांगितलं की वर्गात दोन तट पडतात आणि तास संपेपर्यंत भांडतात. दोन्ही तटांतल्या एकानंही मुरलीधरनला मैदानात पाहिलेलं नसतं.

तक्त्यावरचा सांधा कोरडा असतो, ही त्याची मोठी खोट. म्हणून मी मटणाच्या दुकानात जाऊन अख्खा गुडघा मागते. ‘मॅडम, नुसता गुडघा? रश्श्याला काय पुरणार?’ म्हणत दुकानदार सुरा थांबवतो. वर्गात स्टीलच्या डब्याचं झाकण काढलं की पहिल्या रांगेतल्या मुली ‘ईऽऽ’ करून मागं सरकतात, आणि जरा वेळानं त्यांचीच डोकी डब्यावर असतात. हाडाच्या टोकावर निळसर पांढरी कूर्चा, इतकी गुळगुळीत की बोट ठरत नाही. आतला द्रव चिमटीत घेऊन बोटं फाकवली की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार निघते. आयुर्वेदात याला श्लेषक कफ म्हणतात. ‘आमच्या आजीचं हेच संपलंय,’ असं कुणीतरी हमखास सांगतं. आजीची मुख्य तक्रार कूर्चा झिजल्याची असते, पण ‘वंगण संपलं’ हे निदान गावोगाव इतकं रुजलंय की माझं कोण ऐकणार?

सुश्रुतानं शरीरात 210 सांधे मोजले आणि त्यांचे आठ प्रकार केले. कवटीच्या हाडांच्या जोडांना त्यानं शिवणीच्या टाक्यांचं नाव दिलं आणि जबड्याच्या सांध्याला कावळ्याच्या चोचीचं. हे सांगितल्यापासून वर्गात कुणी जास्त बडबडलं की मला ओरडावं लागत नाही. मुलंच ‘काव काव’ करतात.

माझा सगळ्यांत आवडता सांधा मात्र मानेत आहे. खरं तर दोन आहेत. कवटी पहिल्या मणक्यावर पुढं-मागं झुलते तेव्हा आपण ‘हो’ म्हणतो. पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो तेव्हा ‘नाही’. होकाराची आणि नकाराची निसर्गानं अशी वेगळी सोय केली आहे. मी सगळ्यांना मानेमागं बोट ठेवायला लावते आणि प्रश्न विचारते. ‘भूक लागली?’ वरचा सांधा हलतो. ‘गृहपाठ केला?’ यावर खालचा हलायला हवा. पण या वयाला तिसरं उत्तर येतं: खांदे उडवणं. त्यात मानेचा संबंध नाही. त्यात गळपट्टीचं हाड छातीच्या हाडाशी जिथं जुळतं तो चिमुकला सांधा कामाला लागतो. सबंध हात हाडानं धडाला जोडला गेलाय तो फक्त तिथंच. दहावीनंतर काय करणार, उशीर का झाला, डबा का उरला, या सगळ्याचं उत्तर त्या सांध्यातून येतं. पालकसभेत हा सांधा शिकवावा असं माझ्या फार मनात आहे.

तेवढी संधी मिळेपर्यंत एक विनंती. मुलं कटाकटा बोटं मोडतात म्हणून त्यांच्या हातावर चापट्या मारू नका. सांधा ताणला की आतला दाब घटतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते, आवाज येतो. अमेरिकेतल्या डॉ. डोनाल्ड अंगर यांना आई, मावश्या-आत्या आणि पुढं सासूबाई सांगत राहिल्या की यानं संधिवात होतो. त्यांनी 50 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजवा हात तुलनेला ठेवला, आणि कुठल्याच हाताला संधिवात झाला नाही असं 1998 साली छापून आणलं. 2009 मध्ये त्यांना याबद्दल इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. एकाच माणसाचा प्रयोग, मान्य. पण बोटं मोडू नकोस म्हणणारी आजी नातवाची दृष्ट काढताना स्वतःच्या कानशिलावर दहाही बोटं मोडतेच की. सूज नसेल, दुखत नसेल, तर मोडू द्या.