इंजिनाला फुटलेला घाम

पोर्चच्या फरशीवर पहिला काळा ठिपका दिसला तेव्हा मी त्याच्यावर पायपुसणं सरकवलं. माझा स्वभावच तसा आहे. आमच्या हॉलच्या छताला, टीव्हीच्या बरोबर वर ओल येते. तिला मी तीन दिवाळ्यांत तीनदा रंग दिला. पण ठिपक्याचा रुपया झाला, रुपयाची भाकरी झाली, आणि एका सकाळी बायकोने रांगोळीचा डबा माझ्यासमोर आपटला. "अहो, गाडी बाहेर बांधता, की मी रांगोळी गल्लीत काढू?"

गाडी २००२ सालची मारुती आठशे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. गाडीत खोट काढायची माझी हिंमत नाही. इतक्या वर्षांत माझ्याच गुडघ्यांतून आवाज यायला लागले, तर तिच्या रबराने किती तग धरावा? मी सोपा मार्ग काढला. खालून जाईल तेवढं वरून ओतायचं. डिकीत ऑईलचा डबा ठेवला. असं केलं की ऑईल कायम ताजं राहतं, वेगळं बदलावं लागत नाही, हा सिद्धांत मी कट्ट्यावर मांडला आणि सगळ्यांना पटला. गाडी माझी होती ना! लोणारच्या सरोवराला पाणी यायच्या वाटा आहेत, बाहेर जायची एकही नाही. मेहकरात, त्याच्या इतक्या जवळ राहून माझ्या इंजिनाने नेमकं उलटं व्रत घेतलं होतं.

मग एकदा डबा घरी राहिला आणि जानेफळला लग्नाला जाताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. दंतकथेतल्या कंचनीला म्हणे आमच्या मेहकरात बांधलेल्या तिच्या महालावरून लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसायचा. मला कुठलाच महाल न बांधता दिवा दिसला, तोही देवी आठवावी असा. हा दिवा ऑईल किती उरलं ते सांगत नाही, ऑईलचा दाब गेला हे सांगतो. म्हणजे पाहुणे पाटावर बसल्यावर साखर संपल्याचं कळावं तसं. मी जागेवर इंजिन बंद केलं. एवढं एक काम मी शहाण्यासारखं केलं, म्हणून आवर्जून नोंदवतो.

पुढे लग्नातली माणसं जमली. वऱ्हाडात गाडी बंद पडलेला माणूस कधी एकटा पडत नाही. एकाने "चेंबर फुटलं" सांगितलं, दुसऱ्याने "फिल्टर ढिलं हाय". नवरदेवाच्या मामाने बोट लावून ऑईलचा वास घेतला आणि "पिस्टन" एवढाच शब्द उच्चारून ते जेवायला गेले.

पहिल्या गॅरेजातला पोरगा खाली सरपटला आणि उठून हात झटकत म्हणाला, "सर, मागचं ऑईल सील गेलं. गिअरबॉक्स उतरवा लागते. उतरवलाच तं क्लचबी टाकून घेऊ." ठिबकत होतं ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातूनच, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. शिवाय गावाचा इतिहास त्याच्या बाजूने होता. १८८८ साली मेहकरात खोदताना शारंगधर बालाजीची एवढी भव्य मूर्ती निघाली. तेव्हापासून खाली खोदलं की मोठं काहीतरी निघतंच, अशी आमची श्रद्धा असावी. त्याने सांगितलेला आकडाही भव्यच होता. मी "घरी विचारून सांगतो" म्हणालो. पुरुषाला गॅरेजात हे वाक्य फार उपयोगी पडतं.

बायकोने मला जुन्या मिस्त्रीकडे पिटाळलं. म्हातारा आधी गाडीकडे पाहीचना, चहा पीत बसला. मग बोनेट उघडून म्हणाला, "सर, घामोळ्याची पावडर आना."

"कोणाला घामोळं आलं?"

"आना तं खरं."

मी पावडर आणेपर्यंत त्याने डिझेलने इंजिन धुऊन, पुसून लख्ख केलं होतं. काडी काढून पाहिली, ऑईल भरलं, आणि कोरड्या इंजिनावर वरपासून खालपर्यंत पावडर भुरभुरली. माझी आठशे बारशाला निघालेल्या बाळासारखी दिसू लागली. "सुलतानपूरपर्यंत जाऊन या," तो म्हणाला.

परत आलो. बोनेट उघडलं. सगळी पावडर पांढरीच्या पांढरी, फक्त वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून एक काळी रेघ निघाली होती. ती इंजिनाच्या पाठीवरून, कुणाच्या नजरेत न येता, घरंगळत थेट गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत गेली होती. गळत होतं वर. बदनाम झालं होतं बिचारं खालचं सील.

कव्हर काढलं तर पॅकिंग उन्हात विसरलेल्या पापडासारखं निघालं, वाकवलं की कडकन मोडलं. मी नवीन आणायला उठलो तर मिस्त्रीने थांबवलं. त्याने ब्रीदरचा पाइप काढून माझ्या तोंडासमोर धरला. "फुका." मी फुंकलं. माझे गाल फुगले, पलीकडे वारा नाही. आत नुसता काळा चिखल. इंजिनात पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली उतरतोच, तो याच वाटेने बाहेर पडतो. वाट बुजली की आत दाब वाढतो आणि ऑईल सापडेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं.

"इंजिनाले श्वास घेता येईना, मंग घाम फुटला," मिस्त्री म्हणाला. "नुसतं पॅकिंग टाकलं असतं तं दोन महिन्यांत परत आले असते. अन् ऑईल कवा बदललं होतं?"

मी माझा सिद्धांत सांगितला. त्याने तो शेवटपर्यंत ऐकला, मग पोराला हाक मारून म्हणाला, "याइचं ऑईल काढ पुरं. फिल्टरबी."

पॅकिंग, पाइप, फिल्टर, ऑईल धरून क्लचच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. पावडरचा डबा मात्र मिस्त्रीने ठेवून घेतला.

आठवडा गेला, पोर्चची फरशी कोरडीच. बायकोने मिस्त्रीला मुद्दाम चहाला बोलावलं. तो हॉलमध्ये बसला, बशीत चहा ओतला, आणि टीव्हीच्या वर पाहतच राहिला.

"तिथं तीनदा रंग दिलाय," मी घाईघाईने म्हणालो.

त्याने बशी खाली ठेवली. बायकोकडे वळून विचारलं, "वयनी, वरतं मोरी कुठी हाय?"