मोराच्या मानेखालचं पान

धुण्याची पहिली खेप दोरीवर गेली की आमच्या आणि नलूवहिनींच्या कुंपणाशी सभा भरते. कुंपण म्हणजे चार फुटी विटांची भिंत. तिला गिलावा नाही, कारण खर्च कुणी करायचा हे अकरा वर्षांत ठरलेलं नाही. तिच्यावरून कढीलिंब तिकडे जातो आणि वाटी इकडे येते. परवा मी डहाळी पुढे केली, तर वाटीऐवजी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही एवढी मोठी चौकट हातात आली.

“आमच्या मंदारने आणलंय, डेट्रॉइटहून. कुठल्या भिंतीवर लावायचं ते तुम्ही सांगा. ड्रॉइंगच्या बाई ना तुम्ही!”

कागद काढला. काळीपांढरी लहान मुलगी, हात पुढे केलेला, आणि हातातून सुटलेला बदामाच्या आकाराचा लाल फुगा. चित्र हातात आलं की आधी नाक लावायची माझी जुनी खोड आहे. रंगाचा वास कुठेच नाही, नव्या रेनकोटसारखा वास. अंगठा फिरवून पाहिला. रंगाचे ओघळ दिसत होते, पण बोटाला लागत नव्हते, कारण ओघळसुद्धा छापलेलेच. मुलीच्या मागे विटा होत्या, त्याही कापडावर छापलेल्या. त्या छापील विटा मी आमच्या खऱ्या विटांवर टेकवून उभ्या केल्या. पाठ पाहिली तर स्टेपलरच्या पिना आणि बारकोडची चिठ्ठी. नाव कुणाचंच नाही.

“बँक्सीचं आहे म्हणे.” वहिनींनी ते नाव बँकेतल्या कारकुनाचं असावं तसं उच्चारलं.

“चित्र त्याचं, पण हे त्याने विकलेलं नाही. त्याने ही मुलगी २००२ मध्ये लंडनला काढली, वॉटर्लू पुलाजवळच्या जिन्याच्या भिंतीवर. पुठ्ठ्याचा छाप कापायचा, भिंतीला लावायचा, वरून स्प्रेचा डबा फवारायचा आणि पोलीस यायच्या आत पसार व्हायचं.”

“आपल्या रांगोळीच्या छापासारखं?”

“तस्संच. फक्त रांगोळी काढून आपण पळून जात नाही.”

“मग हे डुप्लिकेट?”

“डुप्लिकेट निदान लपूनछपून विकतात हो. हे उजेडात, बिलासकट.”

मला हे सगळं ठाऊक असण्याचं कारण माझी भाची. ती मुंबईत भिंती रंगवते. आली की घरात दोन दिवस थिनरचा वास आणि चार दिवस या गोष्टी. त्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट एडी कोलाची. हा कॅलिफोर्नियातला, भिंतीवर कागद चिकटवणारा चित्रकार. त्याच्या एका चित्रात मजकूर होता, आशय असा की मोठं काही करायचं असेल तर परवानगी मागत बसू नका. २०१२ मध्ये ते चित्र वॉलमार्टच्या वेबसाइटवर कॅनव्हास होऊन विक्रीला आलं. कोलाची परवानगी कुणी मागितली नव्हती.

“म्हणजे त्याचंच ऐकलं की त्यांनी!” वहिनी खुदकन हसल्या.

“पुढे ऐका. चित्रकार म्हणून नाव कुणाचं? बँक्सीचं! चोरी केली ती केली, वर बारसं भलत्याच्या नावाने.”

हे होतं कसं, ते भाचीने एकदा समजावलं होतं. रस्त्यावरून जाणारा कुणीतरी भिंतीचा फोटो काढतो आणि इंटरनेटवर टाकतो. कुणीतरी छापखानेवाला तो उचलून शंभर चित्रांच्या यादीत घालतो. दुकान ती यादी आपल्या वेबसाइटवर चढवतं. ऑर्डर आली की मशीन एक कापड छापतं, एक चौकट ठोकतं. गोदामात माल नसतो, आणि चित्राकडे डोळे उघडून पाहणारा माणूसही मधे कुठे नसतो. स्टेन्सिल दिसली की लिहा बँक्सी. आपल्याकडे नाही का, कुणाचाही सुविचार पु. लं.च्या नावावर फिरतो!

इतक्यात झोपाळ्याची कुरकुर थांबली. वहिनींचे यजमान अण्णा जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण कोर्ट अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

“पण मुळात भिंत कुणाची?” पेपरातून आवाज आला. “सरकारी भिंत विद्रूप करणं हा गुन्हा. गुन्ह्यातून हक्क उपजत नाही. विषय संपला.”

“अण्णा, तुम्ही एच अँड एमच्या वकिलाकडे कामाला होतात का?” मी विचारलं. कारण नेमकं हेच म्हणणं त्या कपड्यांच्या कंपनीने २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात मांडलं होतं. ब्रुकलिनमध्ये विल्यम्सबर्ग भागात मुलांच्या मैदानात हँडबॉल खेळायची एक भिंत आहे. तिच्यावर रेव्होक नावाने काढणाऱ्या चित्रकाराचं काम होतं. कंपनीने त्या चित्रासमोर एका तरुणाला कोलांटउडी मारायला लावून खेळाच्या कपड्यांची जाहिरात केली. रेव्होकच्या वकिलाने जानेवारीत नोटीस धाडली, की हे थांबवा. मार्चमध्ये कंपनीच कोर्टात गेली. म्हणणं असं, की चित्र बेकायदा काढलेलं आहे, तेव्हा त्यावर चित्रकाराचा हक्कच नाही असं जाहीर करा.

“बरोबरच आहे.”

“असेल. पण मग जाहिरातीला तीच भिंत का हवी होती? शहरात कायदेशीर, चुन्याने रंगवलेल्या भिंती काय थोड्या होत्या? त्या चित्राचा जो रगेलपणा आहे ना, चोरून काढल्याचा, तोच त्यांना कपड्यांवर शिंपडायचा होता. पैसे मागितले की मात्र ते चित्र गुन्हा. शर्ट विकताना कला!”

अण्णा काही बोलले नाहीत. पेपराची घडी घातली. ही त्यांची हरकत नोंदवण्याची पद्धत.

कंपनीला ते फार महागात पडलं. चित्रकार खवळले, गिऱ्हाइकं खवळली, बहिष्काराची भाषा सुरू झाली, आणि दावा काही दिवसांत मागे घेतला गेला. सप्टेंबरात तडजोड झाली. त्यात डेट्रॉइटच्या कलासंस्थांना देणगी द्यायचं ठरलं.

“आमच्या डेट्रॉइटला?” वहिनींनी कान टवकारले. मंदार तिकडे गेल्यापासून ते गाव त्यांच्या माहेरच्या अंगाला लागतं.

“तुमच्याच. आणि तुम्ही ज्या ईस्टर्न मार्केटात भेंडी घेतलीत आणि मग भिंतीपुढे फोटो काढलात...”

“तो फोटो चोरीचा?” त्यांनी गुन्हा कबूल करायच्या आत मी सांगून टाकलं.

“नाही हो. तुम्ही कुठे काही विकत होतात! त्याच भागातल्या भिंतींपुढे मर्सिडीजने २०१८ मध्ये गाडी उभी केली आणि फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. चित्रकारांनी हरकत घेतली, तर पुढच्या वर्षी कंपनीनेच चौघांवर दावे ठोकले. या भिंती तर रीतसर, महोत्सवात रंगवलेल्या होत्या.”

“चोराच्या उलट्या बोंबा!”

अण्णा खाकरले. “दावा दाखल करणं ही बोंब नव्हे.”

राइम नावाच्या चित्रकाराची गोष्टही डेट्रॉइटचीच. इमारतीची अख्खी बाजू त्याने रंगवली होती. मोस्किनो या इटालियन फॅशन कंपनीने ते चित्र पायघोळ झग्यावर उतरवलं आणि वर आपलं नाव स्प्रेने लिहिल्यासारखं छापलं. तो झगा घालून गायिका केटी पेरी २०१५ च्या मेट गाला या सोहळ्याला गेली. राइम कोर्टात गेला. तिथेही कंपनीच्या वकिलांचा सूर अण्णांचाच, आणि तेही प्रकरण शेवटी आपसात मिटलं. ही प्रकरणं निकालापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे अण्णांचा मूळ प्रश्न तिथल्या तिथेच राहतो, आणि ते दर वेळी नव्या जोमाने तो विचारू शकतात.

“पण बाई, एवढा मोठा तो बँक्सी, स्वतः का नाही कोर्टात जात?” वहिनींनी कढीलिंबाची पानं ओरबाडत विचारलं.

इथे मात्र मला त्या पठ्ठ्याची फारशी दया येत नाही. एक तर त्याने स्वतःच आपल्या पुस्तकात कॉपीराइटची टर उडवलेली. दुसरं, कोर्टात उभं राहायचं तर नाव सांगावं लागतं, आणि सगळी गंमत तर नाव न सांगण्यात. म्हणून त्याने आडवाट धरली. फुलांचा गुच्छ भिरकावणाऱ्या तोंड बांधलेल्या माणसाचं त्याचं चित्र आहे ना, बेथलेहेमच्या बाजूचं, ते युरोपात ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकलं. आता ट्रेडमार्क म्हटला की धंदा दाखवावा लागतो. फुल कलर ब्लॅक नावाच्या भेटकार्डांच्या कंपनीने त्यालाच हात घातला, की हा माणूस धंदा करतोय कुठे? तेव्हा २०१९ मध्ये बँक्सीने लंडनच्या क्रॉयडन भागात दुकान थाटलं. त्या दुकानाचं दार उघडायचंच नाही. काचेतून बघा आणि घरी जाऊन इंटरनेटवर मागवा.

“हे आपल्या रेशन दुकानासारखं झालं,” वहिनी म्हणाल्या.

वर त्याने सांगूनही टाकलं की दुकान या भांडणापायीच काढलंय. अण्णांनी कपाळाला हात लावला. “कबुलीजबाब दिला! सही करून!”

दिलाच. २०२० मध्ये युरोपच्या ट्रेडमार्क कार्यालयाने ती नोंद रद्द केली. हेतू शुद्ध नव्हता म्हणाले. आणि मग २०२२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर गेस या कंपनीच्या काचेत तोच गुच्छवाला झळकला. भिंतचित्रांचे परवाने विकणाऱ्या ब्रँडलाइज्डशी हातमिळवणी करून कपडे बाजारात आणले होते. ब्रँडलाइज्ड म्हणजे ती भेटकार्डवालीच. या वेळी बँक्सी कुठल्याही कार्यालयात गेला नाही. इन्स्टाग्रामवर त्याने उचलेगिरी करणाऱ्यांना जाहीर आमंत्रण दिलं. यांनी माझं न विचारता घेतलं, तर तुम्ही यांचं घ्यायला काय हरकत, असा मथितार्थ. दुकानाने घाईघाईने काच झाकून घेतली.

“कोर्टापेक्षा हे स्वस्त,” वहिनींनी निवाडा दिला. अण्णांकडे मी पाहिलंच नाही.

भाची सांगते, आपल्याकडेही हे आता कोर्टात पोचलंय. मुंबईतलं एक भिंतचित्र एका विमा कंपनीने जाहिरातीच्या होर्डिंगवर वापरलं. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती सरळसरळ जाहिरात असल्याचं म्हटलं आणि इंटरनेटवरचे फोटो काढून टाकायला लावले.

मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. कढीलिंबाच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. अण्णाच म्हणाले, “ती पिशवी दाखव की बाईंना.”

“कशाला ते!” म्हणत वहिनी आत गेल्या, आणि आल्या त्या कागदी पिशवी घेऊनच. मेन रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानाची पिशवी. नाव लिहीत नाही, कारण पुढच्या लग्नसराईत आम्हा दोघींनाही तिथेच जायचंय. पिशवीवर मोर. पिसारा मिटलेला, मान मागे वळवलेली.

मी तो मोर ओळखला. गेल्या पाडव्याला पहाटे साडेपाचपासून वहिनी फाटकाबाहेरच्या डांबरावर बसल्या होत्या. सातला दूधवाल्याचं चाक मोराच्या मानेवरून गेलं. पुसून पुन्हा काढायला वेळ नव्हता. त्यांनी चाकाच्या पट्ट्यावर हिरवी रांगोळी टाकली, कडा ओढल्या आणि तिथे एक केळीचं पान केलं. मोराच्या मानेखाली केळीचं पान कुठल्याच पुस्तकात नसतं. पिशवीवर ते होतं.

“तुम्ही बोलला नाहीत कधी!”

“पहिल्यांदा आनंदच झाला हो. पिशवी मिळावी म्हणून दोन साड्या घेतल्या. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, हा माझा मोर. ती म्हणाली, काकू, हे आमच्या डिझायनरने काढलंय.” वहिनींनी पिशवीची घडी उगाच नीट केली. “पैसे नको होते मला. पण डिझायनरने काढलंय?”

“आणि रस्ता महापालिकेचा,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. मोरसुद्धा माझा कुठे म्हणा, मावशीकडून उचललेला.”

“पण पान?” मी विचारलं.

“पान माझं.”

बँक्सीचीही एक अशीच गंमत आहे, ती मी तेव्हा सांगितली. २०१३ च्या ऑक्टोबरात त्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कशेजारी एका म्हाताऱ्याला टेबल लावून बसवलं. खरी चित्रं, ६० डॉलरला एक. दुपारपर्यंत एकही खपलं नाही. साडेतीनच्या सुमारास पहिलं गिऱ्हाईक आलं. त्या बाईने मुलांसाठी दोन छोटी चित्रं घेतली, तीही घासाघीस करून निम्म्या किमतीत. दिवसभराची कमाई ४२० डॉलर.

“४२०!” अण्णा प्रथमच मनापासून हसले. “आकडासुद्धा कलमासकट.”

“आणि मंदारने हे कितीला घेतलं?” मी विचारलं.

“पस्तीस. डिस्काउंटमध्ये.” वहिनींनी चौकट उचलली, लांब धरली, जवळ धरली. “पण मुलगी गोड आहे हो. लावणार मी. फ्रिजच्या वर.” मग चौकट उलटी करून माझ्यापुढे धरली. “तुमचं अक्षर चांगलं आहे. मागे त्याचं नाव लिहून द्या. खरं नाव लिहा, ते बँक्सीबिंक्सी नको.”

“ते त्याने कुठे कुणाला सांगितलंय!”

वहिनी विचारात पडल्या. आत कुकरची दुसरी शिट्टी झाली. अण्णांनी खिशातून पेन काढून कुंपणावर ठेवलं.

“नावाचा रकाना कोरा ठेवा,” ते म्हणाले. “आणि खाली ‘नाव अज्ञात, पत्ता लंडन’ असं लिहा. समन्स तसंच निघतं.”