अध्यापनविद्येतील एक उणीव

2014 साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने बी.एड.चा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा करण्याचे ठरविले, तेव्हा आमच्यासारख्या भाबड्या जनांची अशी समजूत झाली की, बालमानसशास्त्र आणि पाठटाचण यांच्या पलीकडे, सरकारदरबारी मास्तरांस प्रत्यक्ष जे काम बजवावे लागते, त्याचीही तालीम आता यथासांग मिळेल. परंतु मतदारयादी बगलेत मारून घरोघरचे जिने कसे चढावेत, किंवा खिचडीच्या तांदळाचा हिशेब वहीत आणि मोबाइलवर एकच कसा राखावा, यांविषयी त्यात अवाक्षर नाही. शिक्षणहक्क कायद्याचे कलम 27 शिक्षकांस अशैक्षणिक कामास जुंपण्याची निःसंदिग्ध मनाई करते. मात्र जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढेच किरकोळ अपवाद त्याच कलमात नमूद करण्याची विधिकर्त्यांची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे. (आपल्याकडे निवडणुका क्वचितच होतात, हे सर्वश्रुत आहे.) शिवाय महाराष्ट्रात पदवी, पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी हे सारे सोपस्कार उरकलेल्या उमेदवारास प्रथम तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर कंठावी लागतात, त्यामुळे क्षुधेचे मानसशास्त्र हा विषय तरी प्रात्यक्षिकांसह पुरा होतो.