भूक मेली!

मुलुंड-घाटकोपरच्या प्रत्येक सोसायटीत हे काका असतात, त्यामुळे ओळख करून देत नाही. "भूक लागली का?" असं विचारलं की ते घड्याळाकडे बघतात. साडेबाराला लागलेली भूक त्यांच्या लेखी भूकच नव्हे, ती ॲसिडिटी. एकला मात्र ताट हवंच. दीड वाजला की जाहीर करतात, "आता भूक मेली." रोज मरते आणि दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला पुन्हा उठून बसते. घरचे हसतात, पण शास्त्र काकांच्या बाजूचं आहे. 1999 साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी जठरात तयार होणारं घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. ते नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वाढतं आणि जेवण चुकलं तरी थोड्या वेळाने आपोआप उतरतं. म्हणजे भूक मरते हे खरंच. आपल्या आज्यांना ते नाव तेवढं माहीत नव्हतं.

कुणी म्हणेल, पोट रिकामं झालं की भूक लागणारच, त्यात घड्याळ कशाला? मग दीड वाजता ती दुप्पट व्हायला हवी. आणि रविवारी? नाश्ता नेहमीचाच, मटण शिजेपर्यंत अडीच वाजतात, पण काकांची भूक चकार शब्द काढत नाही. तिलाही साप्ताहिक सुट्टी असते. संकष्टीला तर ती चंद्रोदयाची वेळ बघून येते. (दुपारची साबुदाण्याची खिचडी जेवणात धरायची नसते.)

हा एकचा ठोका आला डबेवाल्यांकडून. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत सकाळी उपनगरात उचललेला डबा, झाकणावरच्या खुणांच्या भरवशावर लोकलने जाऊन, जेवणाच्या सुट्टीला फोर्टातल्या टेबलावर हजर. पावलॉव्हच्या कुत्र्यांना घंटा, काकांना डब्याची कडी. निवृत्तीनंतर डबा माळ्यावर गेला, वेळ पोटातच राहिली.

त्या डब्यासाठी पहाटे पाचला उठणाऱ्या काकूंचं काय? डबा गेला की नळाचं पाणी, मग धुणं, मग शाळेतून येणारी मुलं. त्या जेवायच्या हात रिकामे झाले की. त्यांच्या भुकेला कधी वेळच लागली नाही, त्यामुळे ती रोज कितीदा मेली हेही कुणाला कळलं नाही. काकांना हे उशिरा उमगलं, पण उमगलं, हे कबूल करायला हवं. हल्ली ते एकला दोन पानं घेतात आणि काकू येऊन बसेपर्यंत भाताला हात लावत नाहीत. कधी कधी यात पावणेदोन वाजतात.