साडेसदतीस तासांचा शनिवार

जानेवारीतल्या शनिवारी दुपारी दोनला मुंबईहून सुटणारं विमान त्याच शनिवारी संध्याकाळी साडेपाचला सॅन फ्रान्सिस्कोला टेकणार, हे तिकिटावर वाचून काका हरखलेच. “म्हणजे साडेतीन तास! अहो, डेक्कन क्वीनला पुणे-मुंबई १९२ किलोमीटरला सव्वातीन लागतात. हे तर साधारण १३,५०० आहे.” उरलेले १३,३०८ किलोमीटर पंधरा मिनिटांत कापणारं विमान कोण बनवतं, हे त्यांना विचारायचा मला धीर झाला नाही.

खरा प्रवास सतरा तासांचा. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागे. तेवढे वजा केले की साडेतीन उरतात. मावशीने हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग माझा शनिवार केवढा?”

चोवीस अधिक साडेतेरा. साडेसदतीस! मावशीचा मारुतीचा उपास, तोही कडक: रविवारचा सूर्य दिसल्याशिवाय अन्नाला हात नाही. यापेक्षा शनीची साडेसाती बरी.

विमान वर गेलं आणि समोरच्या पडद्यावर ते पूर्वेला वळलेलं पाहून काका दचकले. “अमेरिका पश्चिमेला ना?” पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळची वाट खरं तर मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला, आर्क्टिकच्या अंगाने जाते. पण वैमानिक अंतराइतकाच वाराही बघतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात, हिवाळ्यात तर जोरात. २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं, तेव्हा अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं. वेळ मात्र घटून साडेचौदा तासांवर आला.

“लांबून नेतो म्हणजे लवकर पोचवतो,” काका म्हणाले. “आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला हेच सांगतो तेव्हा मी भांडतो.”

जपान मागे पडला तेव्हा खाली रविवार लागून गेला होता. मग काळोख, घोरणं, पाय आखडणं; त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. पॅसिफिकवर कधीतरी मावशीने खिडकीची झडप वर केली, तर समोर लालभडक सूर्य. तिने हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि हवाई सुंदरीने ठेवलेला उपमा आम्ही चमचा उचलायच्या आत संपवला. थोड्याच वेळात विमानाने आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, आणि परत शनिवार लागला.

ही बातमी मी द्यायला नको होती, असं काकांनी खुणेने सांगितलं. मावशीने पडद्याकडे पाहिलं, मग रिकाम्या ताटलीकडे.

“मघाशी रविवार झाला होता की नाही?”

“झाला होता.”

“मग माझा उपास सुटला. हा आता आलेला शनिवार अमेरिकेचा. त्यांचा त्यांनी करावा.”

आणि तिने काकांचा उपमा स्वतःकडे ओढला.