श्रीखंड्याचं विद्यावेतन

नाथषष्ठीला आमच्या पैठणात पाहुण्यांना तोटा नसतो. पण यंदा दिंड्यांच्या गर्दीत घरी एक पाहुणी अशी आली, की ती ताटावर बसल्या बसल्याच झोपली. हातात पुरणपोळीचा घास, तूप मनगटावरून ओघळतंय आणि झोपेतच विचारतेय, "वजन किती?" तिच्या मामीला वाटलं प्रश्न आपल्याला आहे. ती जी फणकारली ती संध्याकाळपर्यंत.

पाहुणी म्हणजे आमची भाची. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगशास्त्राचं एमडी करते. पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, त्यांच्या भाषेत जेआर-वन. लहान मुलांच्या औषधाचा थेंबन् थेंब वजनावर ठरतो, म्हणून ती झोपेतसुद्धा आधी वजन विचारते. त्यातही नऊशे ग्रॅमचं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत असेल तर त्याची शीर शोधायची कशी, हे मी तिला एकदा विचारलं होतं. "मामा, तुमच्या पैठणीच्या पदरावरच्या मुनियाचा डोळा बघितलाय? तेवढ्याच जागेत सुई घालायची. पहाटे तीनला. पेशंट हलतो आणि मागे आजी रडत असते." पैठणी विणणाऱ्याला निदान दिवसाचा उजेड मिळतो, आणि साडी घाबरून लाथा झाडत नाही.

शेजारचे तात्या कोषागारातून निवृत्त झालेत. त्यांनी भाचीला डोळे उघडायची सवड दिली आणि मुद्द्याला हात घातला. "पगार किती?"

"पगार नाही तात्या, विद्यावेतन."

"म्हणजे अजून शिकतेस?"

"हो."

"मग रात्री पेशंट कोण बघतं?"

"मीच."

"आणि तुला शिकवतं कोण?"

"तेच पेशंट."

तात्यांनी मान डोलावली. 'विद्यावेतन' हा शब्द ज्याने घडवला, त्याचा पैठणात जाहीर सत्कार व्हायला हवा असं माझं मत आहे. केवढी सोय आहे त्या शब्दात! डॉक्टर पैसे मागायला आले की 'विद्या' पुढे करायची: बाळांनो, तुम्ही विद्यार्थी. सुटी मागायला आले की 'वेतन' पुढे करायचं: अहो, तुम्ही पगार घेता. जोडशब्दाचा असा उपयोग पाणिनीलाही सुचला नसता.

सरकार काहीच देत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. 2024 च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या निवासी डॉक्टरांची संघटना, म्हणजे मार्ड, संपावर गेली आणि मंत्रिमंडळाने महिना दहा हजारांची वाढ मंजूर केली. इंटर्नचे अकरा हजारांचे अठरा झाले. तात्यांनी लगेच पाकिटावर हिशेब मांडला. निवासी म्हणजे चोवीस तास निवास करणारा. दहा हजार भागिले तीस दिवस, भागिले चोवीस तास, म्हणजे तासाला चौदा रुपयांच्या आत. "बसस्टँडवर एक कटिंग येतो," तात्या म्हणाले, "बिस्कीट नाही." त्या संपातली एक मागणी मला फार हृद्य वाटली. विद्यावेतन दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळावं. वाढवा हे नंतर, आधी तारीख तरी सांगा. जावयाने हुंडा मागू नये, नुसतं जेवायची वेळ विचारावी, इतकी ती नम्र मागणी होती.

त्याआधी 2023 च्या जानेवारीतही संप झालाच होता. तेव्हा वसतिगृहांचा प्रश्न होता. निवासी डॉक्टरांना निवास हवा होता! आमच्याकडे याला कुणी हसत नाही.

कामाच्या तासांचं तर विचारूच नका. 1992 साली केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी नियम घालून दिला, की सहसा सलग बारा आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त राबवू नये. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2023 चे नियम आले, त्यात तास 'वाजवी' असावेत असं लिहिलं. साप्ताहिक सुटीही दिली, पण कामाची निकड पाहून. आणि निकड नसलेला बालरुग्ण विभाग अजून जन्माला यायचा आहे. मग 2024 मध्ये आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृती दलाने सुचवलं, की आठवड्याला 74 तासांच्या वर नको. बत्तीस वर्षांत 48 वरून 74! विकासदर म्हणतात तो हाच असणार. मी भाचीला विचारलं, "74 तास म्हणजे फारच होतात नाही का गं?" ती म्हणाली, "मामा, 74 मिळाले तर मी उरलेल्या वेळात एखादा छंद जोपासीन."

तर या सगळ्यावर माझी एक सूचना आहे. डॉक्टर होण्याची सोय लातूर पॅटर्नने केली. झालेल्या डॉक्टरला वापरायचं कसं, यासाठी आता पैठण पॅटर्न आणावा. आमच्या गावाइतका बिनपगारी सेवेचा अनुभव महाराष्ट्रात कुणाच्या गाठीशी नाही.

श्रीखंड्याचंच बघा. साक्षात भगवंत श्रीखंड्या बनून एकनाथांच्या वाड्यात राहिला, बारा वर्षं गोदेच्या पाण्याच्या कावडी वाहिल्या, गंध उगाळलं. राहून सेवा केली म्हणजे निवासीच की! पण विद्यावेतन मागितलं नाही, महागाई भत्ता नाही, थकबाकी तर नाहीच. ओळख पटताच तो अंतर्धान पावला. एकही कागद पुढे न पाठवता पद रिक्त झालं. वित्त विभागाला याहून आदर्श कर्मचारी कुठे मिळणार? आणि एक बारीक फरक: श्रीखंड्या निघाला तेव्हा नाथांनी बाँडचे पैसे भर म्हणून त्याचा हात धरला नाही. आमच्या भाचीने एमडी होऊन सरकारी सेवेचं एक वर्ष न भरता अंतर्धान पावायचं ठरवलं, तर तिला 50 लाख मोजावे लागतील. देवाला ते परवडलं असतं.

दुसरा दाखला ज्ञानदेवांचा. भावंडं पैठणला आली ती कशासाठी? शुद्धिपत्रासाठी. एका कागदासाठी रेड्याच्या मुखातून वेद वदवावे लागले. आज तोच कागद पदवी म्हणून हवा असेल तर प्रबंध लिहा, लॉगबुक भरा, तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढा आणि मधल्या काळात वॉर्ड चालवा. वेद तेच आहेत. बदललं एवढंच, की आता रेड्याला परीक्षा फी भरावी लागते.

खासगी महाविद्यालयांनी तर पॅटर्न आमच्याही पुढे नेलाय. आयोगानेच देशभर सर्वेक्षण केलं, तेव्हा दोन हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सांगितलं की विद्यावेतन मिळतच नाही. बाराशेंहून अधिक जण म्हणाले, मिळतं, पण संस्था ते परत घेते. हे तात्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. चाळीस वर्षं कोषागारात काढलेल्या माणसालाही ही नोंद कोणत्या रकान्यात टाकावी ते कळेना. शेवटी म्हणाले, "उसनवारी."

नाथांची आणखी एक गोष्ट आहे, पण ती पॅटर्नमध्ये घ्यावी की नाही याबद्दल मी साशंक आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना नाथ एका पैची चूक शोधत रात्रभर हिशेबाच्या वह्या घेऊन बसले. सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, हे पाहून प्रसन्न झाले. म्हणजे रात्रपाळी करणाऱ्याकडे वरिष्ठाने झोपेतून उठून कौतुकाने बघितल्याची ही नोंद. शिवाय त्यात थकबाकीतली पैन् पै शोधायचा वाईट पायंडाही आहे. मंत्रालयात कुणी ही गोष्ट मनावर घेतली तर भलतंच व्हायचं.

दुपारी दिंडीतली एक आजी तापलेल्या नातवाला घेऊन दारात आली. डॉक्टर आहे म्हणून बातमी गल्लीत पसरलेलीच होती. भाची उठली, बाळाची छाती ऐकली, श्वास मोजले, पाणी कसं पाजायचं ते सांगितलं, वजन विचारून औषध लिहून दिलं. आजीने पदराच्या गाठीतून दहाची नोट काढली. भाचीने ती परत त्याच गाठीत बांधून दिली. तात्या माझ्या कानाशी लागले, "परत द्यायची सवय आधीच लागलीय म्हणा."

संध्याकाळी वाड्यातला रांजण बघायला जायचं ठरलं होतं. तो भरून वाहिला की श्रीखंड्या स्वतः कावड ओतून गेला, असं आम्ही मानतो. पण चार वाजताच तिचा फोन वाजला. सोबतचा जेआर तापाने पडला होता, तिची एक दिवसाची रजा अर्ध्या दिवसाची झाली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत बसता बसताच तिचे डोळे मिटले. कंडक्टरने टिचकी मारली, मशीन दाबलं आणि तिकीट तिच्या हातात ठेवलं. अर्धं तिकीट. ना जीआरची वाट, ना वित्त विभागाचा अभिप्राय, ना दहा तारीख. राज्य सरकारची सवलत तिच्या हातात जागच्या जागी, रोख पडली होती. अर्थात ती डॉक्टर म्हणून नव्हे. 2023 पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं भाडं आहे.